डुकरासाठी फासकी, अडकला बिबट्या

प्रश्न : आमच्या गावात (जि. रत्नागिरी) काजूच्या बागेत डुकरासाठी लावलेल्या फासकीत बिबट्या अडकून मेला. फासकीवर बंदी यावी म्हणून ग्रामसभेत ठराव मांडायचा आहे. कसा लिहावा?

उत्तर : बंदी मागू नका, ती आहेच. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधल्या ‘शिकार’ या व्याख्येत फासे लावणं आणि तसा नुसता प्रयत्नही येतो. म्हणजे रिकामी फासकीसुद्धा गुन्हाच. बिबट्या या कायद्याच्या अनुसूची १ मधला, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीतला. त्याच्या शिकारीला ३ ते ७ वर्षं कैद आणि किमान २५,००० रुपये दंड. ‘डुकरासाठी लावली होती’ ही सबब नव्हे, परवान्याशिवाय रानडुकराची शिकारही गुन्हाच.

ठरावात अंमलबजावणी मागा : हंगामात वनरक्षकासोबत बागांची संयुक्त तपासणी आणि पीकनुकसानीचे पंचनामे वेळेवर. दुसरी मागणी गाळलीत तर शेतकरी ठरावाच्या बाजूने हात वर करणार नाहीत, आणि त्यांचं चुकतं असंही नाही.

तपासताना कुंपणातल्या फटी आणि पाणवठ्याच्या वाटा आधी बघा. फासकी बहुधा दुचाकीच्या क्लचवायरची असते, पाल्यात चटकन दिसत नाही. वाट अरुंद करायला मुद्दाम रचलेल्या काट्या मात्र दिसतात. सापडली की जागेवर फोटो काढा आणि वनखात्याला कळवा. उपटून फेकलीत तर पुरावा गेला.

जनावर जिवंत असेल तर वनखात्याच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करा, गर्दी हटवा. माणसं दिसली की ते हिसके देतं, वायर कमरेत रुतते, आतल्या अवयवांना इजा होते. वायर तोडून सोडलेला बिबट्या नंतर झाडीत मरू शकतो. त्याला बेशुद्ध करून तपासणं हे पशुवैद्यकाचंच काम.