सूर-शंका : नव्या सॉफ्टवेअर सिंथबद्दल कोणाचे ऐकावे?

प्रश्न : मी डोंबिवलीला राहतो आणि वाद्यवृंदांत, तसेच नाटकांच्या पार्श्वसंगीतासाठी कीबोर्ड वाजवतो. दोनच माणसांच्या एका परदेशी चमूने नुकताच आणलेला सॉफ्टवेअर सिंथेसायझर (सिंथ), म्हणजे संगणकावर चालून कृत्रिमरीत्या आवाज घडवणारे वाद्य, घेण्याचा विचार आहे. चार वादकांना विचारले. रेकॉर्डिंगचे काम करणारे अरेंजर म्हणाले, "इतका जाड आवाज लॅपटॉपमधून कधी ऐकला नव्हता." माझ्याबरोबर वाजवणारा मित्र म्हणाला, "कोरडा आहे, वरच्या सप्तकात किरकिरतो." लालबागच्या बेंजो पार्टीतले एक काका म्हणाले, "आवाज झकास, पण मिरवणुकीत नको रे बाबा." नाट्यसंगीताला ऑर्गनची साथ करणाऱ्या एका बाईंनी मिनिटभर ऐकले आणि "गंधार चढा आहे" एवढेच सांगितले. मी कोणाचे ऐकू?

उत्तर : चौघांचेही ऐका, मात्र प्रत्येकाने तो सिंथ कोणत्या कामासाठी आणि कशावर वाजवून पाहिला, हे विचारल्याशिवाय कोणाच्याही मतावर पैसे खर्च करू नका. आपल्या पत्रात ही माहिती नाही, म्हणून मला थोडा अंदाज बांधावा लागत आहे.

अरेंजरांना जाड वाटलेला आवाज बहुधा पहिल्या पाच-दहा प्रीसेटचा (तयार बसवून दिलेल्या आवाजांचा) असावा. कोणताही विकसक आपले दुकान याच प्रीसेटांनी सजवतो: एका सुरावर किंचित बेसूर केलेले सात-आठ आवाज रचलेले असतात आणि त्यावर कोरस, डिले आणि रिव्हर्ब हे आवाज फुगवणारे, घुमवणारे इफेक्ट चढवलेले असतात. डेमो उतरवल्यावर हे सगळे इफेक्ट बंद करा, एकच ऑसिलेटर (मूळ सूर निर्माण करणारा भाग) चालू ठेवा आणि एक खालचा सूर धरून फिल्टर (आवाजाचा तीक्ष्णपणा गाळणारा भाग) हळूहळू बंद करत न्या. मेकअप उतरल्यावर जो आवाज उरतो, तोच आपण विकत घेणार आहात. तोही आवडला, तर अरेंजरांचे म्हणणे खरे मानायला हरकत नाही.

आपल्या मित्राने ऐकलेली किरकिर मला अधिक महत्त्वाची वाटते, कारण ती आवडीनिवडीची बाब नसून मोजता येणारा दोष असू शकते. संगणक आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने (मोजमापे) घेत असेल, तर त्याच्या निम्म्याहून, म्हणजे २२,०५० हर्ट्झहून अधिक कंपनसंख्येचा स्वर तो साठवू शकत नाही. असा स्वर त्या सीमेवर आपटून खाली परततो. समजा, आपण ४,००० हर्ट्झचा करवती लहरीचा (करवतीच्या दात्यांसारख्या आकाराच्या लहरीचा) सूर लावला. त्याचा सहावा स्वरांश, म्हणजे मूळ सुराच्या सहापट कंपनसंख्येचा घटक, २४,००० हर्ट्झवर असायला हवा, तो २०,१०० वर ऐकू येतो. दहावा ४०,००० ऐवजी ४,१०० वर येतो, म्हणजे मूळ सुराला खेटून बसतो, आणि अकरावा तर ४४,००० वरून थेट १०० हर्ट्झवर उतरून गुरगुरतो. चांगला प्रोग्रामर असे स्वरांश मुळात निर्माणच होऊ देत नाही, किंवा आतले गणित दुप्पट-चौपट वेगाने करून ते गाळून टाकतो. परीक्षा अगदी सोपी आहे: सर्वांत वरच्या सप्तकातला सूर दाबून पिच बेंडचे (सूर वर-खाली सरकवणारे) चाक सावकाश वर न्या. सूर चढत असताना मागे काहीतरी खाली घसरत जाताना ऐकू आले, तर मित्राचा कान खरा. हे मोबाइलच्या स्पीकरवर कळणार नाही, हेडफोन लावा.

तरीही हा दोष प्रत्येकाच्या आड येतोच असे नाही. आपण नाटकात सिंथचा उपयोग मुख्यतः खालच्या, भरीव आवाजांसाठी करत असाल, तर ही किरकिर आपल्या प्रेक्षकांपर्यंत कधी पोहोचणारही नाही. रोलंडचे टीबी-३०३ हे यंत्र १९८१ मध्ये बेस गिटारची जागा घेण्यासाठी आले, त्या कामात ते गिटारसारखे मुळीच वाजेना आणि १९८४ मध्ये त्याचे उत्पादन थांबले. त्याला नाकारणारे बेस वादक चुकले नव्हते. मात्र १९८२ मध्ये आपल्याच मुंबईत चरणजित सिंग यांनी तेच यंत्र ज्युपिटर-८ हा सिंथ आणि टीआर-८०८ हे तालयंत्र यांच्या जोडीने रागांसाठी वापरले. सुरावरून सुरावर घसरण्याची त्याची जी लकब आहे, ती त्यांना तिथे उपयोगी पडली. त्यांचे मत विचारले असते, तर ते बेस गिटारवादकांच्या नेमके उलट आले असते.

ऑर्गनवादक बाईंच्या गंधाराबद्दल पुढील उत्तरात सविस्तर लिहिले आहे.

प्रश्न : मी ठाण्यात शास्त्रीय गायन शिकते. रियाजाच्या साथीसाठी सॉफ्टवेअर सिंथ वापरता येईल का? माझ्या गुरूंना तो मुळीच पसंत नाही; त्यांच्या मते त्यात श्रुती नाहीत आणि मींडही नाही.

उत्तर : आपल्या गुरूंचा आक्षेप सिंथ जसा येतो त्या स्थितीबद्दल पूर्णपणे बरोबर आहे. बारा समान भागांच्या पट्टीत शुद्ध गंधार षड्जापासून ४०० सेंटवर असतो (एक सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग). तानपुऱ्याच्या तारेतून आपोआप उमटणारा गंधार, म्हणजे षड्जाचा पाचवा स्वरांश, ३८६ सेंटच्या आसपास असतो. चौदा सेंट कागदावर किरकोळ दिसतात, पण काळी एकचा तानपुरा लावून त्यावर सिंथचा गंधार धरा: ६९३ आणि ६९८ हर्ट्झ एकमेकांशी भांडू लागतात आणि सेकंदाला साधारण पाच वेळा होणारी थरथर स्पष्ट ऐकू येते. ज्यांचा कान पेटी-ऑर्गन जुळवून घेण्यात तयार झाला आहे, त्यांना ही थरथर मिनिटभरात खटकणारच.

म्हणून विकत घेण्यापूर्वी एकच प्रश्न विचारा: यात स्वतःची स्वरपट्टी, विशेषतः स्काला नमुन्याची (स्वरांतरे लिहून ठेवण्याच्या प्रचलित पद्धतीची) फाइल, भरता येते का? अनेक छोटे विकसक ही सोय देतात, कारण त्यांच्यापैकी कित्येक जण स्वतःच स्वरशास्त्राचे वेडे असतात. सोय असेल, तर गंधार चौदा सेंट उतरवणे पाच मिनिटांचे काम आहे. रागानुसार वेगवेगळ्या पट्ट्या जपून ठेवता येतात.

मींडेची अडचण थोडी वेगळी आहे. पिच बेंड बहुतेक ठिकाणी दोन अर्धस्वरांपुरते लावलेले असते. सा ते प मींड घ्यायची तर किमान सात लागतात, आणि सोयीसाठी आपण बारा ठेवू. मिडीच्या (कीबोर्ड आणि सिंथ यांच्यातल्या संदेशांच्या पद्धतीच्या) नियमांनुसार या चाकाला १६,३८४ पायऱ्या मिळू शकतात, पण स्वस्त कीबोर्ड प्रत्यक्षात १२८ च पायऱ्या पाठवतात. वर-खाली बारा-बारा अर्धस्वर, म्हणजे २,४०० सेंट, भागिले १२८ केले की प्रत्येक पायरी जवळपास १९ सेंटची होते आणि मींडेचा जिना होतो. सिंथमध्ये ही हालचाल गुळगुळीत करणारी सोय नसेल, तर दोष सिंथवर येतो, वास्तविक त्याचे मूळ चाकात असते. शिवाय चाक फिरवले की धरलेला षड्जही हलतो. २०१८ मध्ये स्वीकारल्या गेलेल्या एमपीई या मिडीच्याच पद्धतीत प्रत्येक सूर वेगळ्या चॅनेलवर जात असल्याने षड्ज स्थिर राहतो, पण त्यासाठी कीबोर्डही तसाच हवा आणि तो महाग असतो. सुरुवातीला सिंथ फक्त सा-प धरण्यासाठी वापरा. मींड गळ्यातूनच घ्या. गुरूही रागावणार नाहीत.

प्रश्न : गणपतीच्या मिरवणुकीत आणि ऑर्केस्ट्रात लॅपटॉपवरचा सिंथ चालेल का? आवाज उशिरा येतो असे सगळे म्हणतात. (परळ)

उत्तर : बफर (आवाज बाहेर पाठवण्याआधी संगणक साठवतो तो तुकडा) १२८ नमुन्यांचा असेल तर उशीर सुमारे तीन मिलिसेकंदांचा असतो, ५१२ असेल तर सुमारे बाराचा. आवाजाला हवेतून एक मीटर जायलाच जवळपास तीन मिलिसेकंद लागतात, त्यामुळे स्पीकरपासून चार मीटरवर उभे राहून वाजवणारा वादक तेवढा उशीर रोज सोसतो. खरी भीती तडतडीची आहे: बफर लहान ठेवला आणि सिंथ जड असला की लॅपटॉपला दम लागतो. बंदिस्त सभागृहात, चांगल्या ऑडिओ इंटरफेससह (लॅपटॉपचा आवाज बाहेर काढणाऱ्या जोडयंत्रासह), अवश्य वापरा. मिरवणुकीत भाद्रपदाचा पाऊस, जनरेटरची वीज आणि ट्रकचे हादरे असतात. मी स्वतः एकदा विसर्जनाला लॅपटॉप नेला होता. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळल्यामुळे तो तापून दुसऱ्याच चौकात बंद पडला, आणि पुढचे सगळे बेंजोवाल्यांनी निभावून नेले. तिथे साधा कीबोर्डच न्यावा.

प्रश्न : छोट्या कंपनीने उद्या दुकान बंद केले तर? (वसई)

उत्तर : असे घडलेले आहे. कॅमल ऑडिओ ही छोटी कंपनी २०१५ मध्ये ॲपलने घेतली आणि तिचा अल्केमी हा सिंथ आता ॲपलच्याच सॉफ्टवेअरमध्ये मिळतो. विंडोजवाल्यांना नवी आवृत्ती मिळण्याची वाटच संपली. याउलट सर्ज या सिंथचा सोर्सकोड (मूळ प्रोग्राम) त्याच्या कर्त्याने २०१८ मध्ये खुला केला, आणि तेव्हापासून स्वयंसेवक तो विनामूल्य सांभाळत आहेत. २०१९ मध्ये मॅकने ३२ बिटची जुनी प्लगइन (संगीताच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडून वापरायचे सिंथ वगैरे) चालवणे थांबवले, तेव्हा कोणाचे सिंथ तगले आणि कोणाचे गेले, हे कंपनीच्या आकारावरून ठरले नाही. ज्यांनी वेळेवर नवी आवृत्ती काढली ते तगले.

घेण्यापूर्वी विकसकाला एक साधा ई-मेल पाठवा आणि इंटरनेटशिवाय परवाना चालतो का, तेवढे विचारा. दोन माणसांच्या चमूकडून उत्तर किती दिवसांत येते, यावरूनही बरेच कळते. घेतल्यावर इन्स्टॉलरची फाइल आणि परवान्याचा क्रमांक पेन ड्राइव्हवर ठेवा, आणि प्रत्येक पूर्ण झालेल्या कामातला सिंथचा ट्रॅक ऑडिओ करून वेगळा जपा, म्हणजे पाच वर्षांनी निर्मात्याने तेच नाटक पुन्हा काढले तरी पार्श्वसंगीत हाताशी असेल.