स्ट्रेस टेस्टमध्ये हार्ड डिस्क का रखडते?

प्रश्न : नवीन जोडलेल्या कॉम्प्युटरवर प्रोसेसर, रॅम आणि डिस्क अशा तिन्हींची स्ट्रेस टेस्ट (मुद्दाम पूर्ण ताण देऊन घेतलेली चाचणी) एकदम लावली. एरवी सेकंदाला १६० एमबी वेग देणारी ७२०० आरपीएमची (मिनिटाला ७२०० फेरे) हार्ड डिस्क ५ एमबीवर येऊन बसते. त्याच डिस्कचे सी आणि डी दोन्ही ड्राइव्ह टेस्टमध्ये निवडले आहेत. रॅम ८ जीबी. डिस्क बदलून घ्यावी का?

उत्तर : एवढ्यात नको. गणित करून बघा. ७२०० आरपीएमला एक फेरा ८.३ मिलिसेकंदांचा, म्हणजे हवा तो सेक्टर (डिस्कवरचा डेटाचा तुकडा) वाचणाऱ्या हेडखाली यायला सरासरी ४.२. हेड जागेवर न्यायला आणखी ८-९. एका उडीला साधारण १३ मिलिसेकंद गेले, तर सेकंदात जेमतेम ७५-८० उड्या होतात. दर उडीला ६४ केबी वाचले, तर हिशेब बरोबर ५ एमबीच्या आसपास येतो. सी आणि डी कागदावर दोन. आत हेडचा दांडा एकच, आणि तो दोन्हीकडे पळतोय.

त्यात रॅमची टेस्ट. तिने सगळी मेमरी अडवली की विंडोज पेजफाइल म्हणजे रॅमची जादा जागा म्हणून ठेवलेली फाइल वापरू लागते, आणि ती फाइल याच डिस्कवर असते. रिसोर्स मॉनिटरच्या मेमरी टॅबमध्ये हार्ड फॉल्ट्सचा (रॅमऐवजी डिस्कवरून डेटा आणावा लागल्याचा) आकडा सतत चढा दिसला तर हेच चाललंय. टेस्टला ६ जीबीच द्या, २ जीबी विंडोजला राहू द्या.

आता बाकी सगळं बंद करून फक्त डी ड्राइव्हची टेस्ट १५ मिनिटं चालवा. वेग पूर्ववत आला, तर डिस्कला नावं ठेवू नका. डिस्कच्या शेवटच्या भागात वेग निम्म्यावर येतो, तेही ठीकच. मग प्रोसेसरची टेस्ट जोडा, पण एक थ्रेड (प्रोसेसर एका वेळी करतो त्या कामांपैकी एकाची जागा) मोकळा ठेवून. डिस्कवर लिहायचा डेटा बनवणं आणि पडताळणं हे कामही प्रोसेसरच करतो.

एकटी चालवूनही डिस्क रखडली, तर क्रिस्टलडिस्कइन्फो हा डिस्कची तब्येत दाखवणारा प्रोग्रॅम उघडा. सी७ म्हणजे सीआरसी एररचा (केबलमधून डेटा जाताना झालेल्या चुकांचा) आकडा टेस्टच्या आधी आणि नंतर लिहून ठेवा. तो कधीच शून्यावर येत नाही, त्यामुळे जुना आकडा पाहून घाबरायचं कारण नाही. टेस्टदरम्यान वाढला, तर आधी साटा केबल बदला. सी५ म्हणजे वाचता न येणाऱ्या सेक्टरचा आकडा वाढत असेल, तर मात्र टेस्ट तिथेच थांबवा, बॅकअप घ्या आणि डिस्क बदला. (हे आकडे सुरुवातीला हेक्समध्ये म्हणजे सोळाच्या मोजणीत दिसतात; १० म्हणजे १६.) डिस्क मध्येच थांबून पुन्हा फिरू लागत असेल, तर एसएमपीएसची (पॉवर सप्लायची) १२ व्होल्टची लाइन लोडवर मोजा. ११.४च्या खाली जाता कामा नये.

प्रश्न : पोर्टेबल हार्ड डिस्कवर लिहिताना सुरुवातीला ११० एमबी वेग मिळतो, बऱ्याच फाइल गेल्या की २०. केबल बदलून पाहिली.

उत्तर : डिस्क बहुधा एसएमआर पद्धतीची आहे. तिचे ट्रॅक कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात, त्यामुळे एक बदलायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात. आलेला डेटा आधी राखीव जागेत जातो. ती भरली की वेग कोसळतो. थोडा वेळ डिस्क नुसती जोडून ठेवली, की ती जागा आपोआप रिकामी होते. अशा डिस्कवर सलग लिहिण्याची स्ट्रेस टेस्ट लावू नका, वाचनाची लावा.