तीन वर्षांची नेमणूक, दहाव्या महिन्यात रद्द

प्रश्न : मी सांगली जिल्ह्यातला वगनाट्याचा कलावंत. राज्य सरकारच्या एका कलाविषयक मंडळावर मला अशासकीय सदस्य म्हणून तीन वर्षांसाठी नेमलं होतं. सरकार बदललं आणि दहाव्या महिन्यात एका ओळीच्या आदेशाने आम्हा सगळ्यांना काढलं. नोटीस नाही, कारण नाही. माझ्या जागी आलेल्या गृहस्थांनी जन्मात कधी ढोलकीला हात लावलेला नाही. गावात लोक कुजबुजतात, 'काहीतरी खाल्लं असणार.' कोर्टात जाता येईल का?

उत्तर : जाता येईल. पण सदस्यत्व परत मिळेल या आशेने जाणार असाल तर आधी कागद नीट वाचू या.

तुम्ही पाठवलेल्या नेमणुकीच्या शासन निर्णयात तीन वर्षांचा उल्लेख आहे खरा, पण तुम्ही अधोरेखित केलेलं वाक्य तिथे संपत नाही. पुढे आहे : '... किंवा शासनाचे पुढील आदेश होईपर्यंत, यापैकी जे आधी घडेल ते.' तुमची सगळी केस या शेपटावर अडते. तीन वर्षं ही कमाल मुदत होती, हमी नव्हती.

दुसरी अडचण मंडळाच्या जन्माची. चित्रपटांचं सेन्सॉर बोर्ड 1952च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याने उभं राहिलं. अध्यक्ष आणि 12 ते 25 सदस्य ही रचना खुद्द कायद्यात आहे. साहित्य अकादमी ही नोंदणीकृत संस्था आहे. तिच्या घटनेप्रमाणे राज्यांतून, विद्यापीठांतून सदस्य येतात. तुमचं मंडळ मात्र निव्वळ शासन निर्णयातून जन्मलं. जे एका शासन निर्णयाने आलं ते दुसऱ्याने जातं, आणि न्यायालयं सहसा त्यात हात घालत नाहीत. 2022मध्ये सरकार बदलल्यावर राज्य अनुसूचित जाती-जमाती आयोगावरच्या नेमणुका रद्द झाल्या, तेव्हा त्या पदाधिकाऱ्यांची याचिका मुंबई उच्च न्यायालयाने फेटाळली. त्याआधी 1993 साली शहाजहानपूर नगरपालिकेच्या नामनिर्देशित सदस्यांबाबत सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं : मर्जीने नेमलेल्याला सरकार मर्जीने काढू शकतं, आणि आदेशात ठपका नसेल तर आधी म्हणणं ऐकून घेण्याचीही गरज नाही.

तुमचे वकील बहुधा उत्तर प्रदेशातल्या सरकारी वकिलांचा निकाल पुढे करतील. 1990 साली तिथल्या सरकारने झाडून सगळ्या जिल्हा सरकारी वकिलांना एका परिपत्रकाने घरी बसवलं आणि सर्वोच्च न्यायालयाने ते मनमानी ठरवून रद्द केलं. निकाल उत्तम आहे, मला स्वतःला फार आवडतो. पण त्या वकिलांच्या नेमणुकीला आणि मुदतवाढीला नियमावलीची चौकट होती. तुमच्या हाती तशी चौकट नाही. राज्यपालांना हटवण्याच्या प्रकरणात 2010 साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 'मर्जी म्हणजे लहर नव्हे' अशा अर्थाचं म्हटलंय, त्याचा आधार घेता येईल, पण तो कितपत पुरेल याबद्दल मी साशंक आहे.

आता ढोलकीला हात न लावलेल्या गृहस्थांबद्दल. अधिकारपृच्छेची याचिका, म्हणजे 'हा माणूस कोणत्या अधिकाराने या पदावर बसला' असं विचारणारी याचिका, कुणीही नागरिक करू शकतो, त्यासाठी स्वतःचं नुकसान दाखवावं लागत नाही. मात्र पद सार्वजनिक हवं आणि नेमणूक कायद्याने घातलेली पात्रता मोडून झालेली हवी. 'यांच्यापेक्षा मी लायक' हा वाद न्यायालय ऐकत नाही. कायदा असला तरी तो किती सैल असू शकतो, ते सेन्सॉरच्या सल्लागार समित्यांवरून दिसेल : चित्रपटाचा लोकांवर होणारा परिणाम जोखायला 'केंद्र सरकारच्या मते' जो पात्र, तो पात्र!

राहिली गावातली कुजबुज, आणि माझ्या मते तुमचं खरं दुखणं ते आहे. त्यावर उपाय आहे, तोही 10 रुपयांत. रद्दीकरणाच्या आदेशावर जो संगणक संकेतांक छापलाय तो टाकून, माहिती अधिकारात संबंधित विभागाकडे नस्तीतल्या (म्हणजे सरकारी फायलीतल्या) सगळ्या टिपण्यांच्या आणि तुमच्याविरुद्ध आलेल्या तक्रारींच्या, असल्यास, प्रती मागा. अर्ज एकाच विषयाचा आणि 150 शब्दांच्या आत ठेवा, नाहीतर त्यावरूनच अडू शकतो. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील.

तक्रार नाही असं लेखी आलं, तर तो कागद चावडीवर दाखवा. टिपणीत तुमच्यावर ठपका निघाला, तर मात्र चित्र बदलतं. न ऐकता कलंक लावला, या मुद्द्यावर राज्यघटनेच्या अनुच्छेद 226खाली उच्च न्यायालयात उभं राहायला जागा मिळते. अशा याचिकेला ठरावीक मुदत नसते, पण वर्षभर गप्प बसून गेलात तर उशीर का, हाच पहिला प्रश्न येईल.

आणि बैठकांचा प्रवासभत्ता थकलाय असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. सदस्यत्व गेलं तरी झालेल्या बैठकांचा भत्ता जात नाही. बिल आणि उपस्थितीचा पुरावा जोडून मागणी याच आठवड्यात स्पीड पोस्टाने पाठवा.