सहा वर्षांचा मुलगा पेन्सिल मुठीत धरतो, सारखा धडपडतो. रोज पानं गिरवून घ्यावीत का? आणि कोणत्या वयात काय यायला हवं?

नका घेऊ. 'रोज चार पानं गिरवून घ्या, हात आपोआप वळेल' असं वर्गशिक्षिकेने सांगितलं, हे तुमच्या प्रश्नातलं वाक्य वाचलं आणि हातातलं काम टाकून लिहायला बसले. हेच वाक्य मी माझ्या लेकीबद्दल ऐकलंय, शाळेपेक्षा जास्त माझ्या सख्ख्या भावाच्या तोंडून.

आधी तुमच्या काळजीच्या यादीतून दोन गोष्टी कमी करते. मुलगा कधी रांगलाच नाही, बसल्या बसल्या सरकत राहिला आणि पंधराव्या महिन्यात चालला, असं तुम्ही लिहिलंय. आत्ताच्या त्रासाचं मूळ तिथे शोधू नका. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये पाच देशांतल्या निरोगी मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात आधाराशिवाय चालायला लागण्याचं वय ८.२ महिन्यांपासून १७.६ महिन्यांपर्यंत पसरलेलं निघालं आणि ४.३ टक्के मुलं हातागुडघ्यांवर रांगलीच नाहीत. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेने तर २०२२ मध्ये आपल्या बाळाच्या वाढीच्या टप्प्यांच्या यादीतून रांगणं काढूनच टाकलं. शेजारचं बाळ दहाव्या महिन्यात धावत होतं म्हणून जीव जाळणाऱ्यांनी हे आकडे फ्रिजवर चिकटवावेत.

सहाव्या वर्षी पेन्सिल मुठीत, हे मात्र बघायला हवं. दीड वर्षाचं मूल खडू मुठीतच धरतं. तीनच्या आसपास तो बोटांत येतो आणि पाच-सहाच्या सुमारास मनगट टेकवून नुसती बोटं हलवत लिहिणं जमू लागतं. बघून गोल काढणं तिसऱ्या वर्षी, अधिकचं चिन्ह चौथ्या, चौकोन आणि त्रिकोण पाचव्याच्या आगेमागे. तुमच्या मुलाला त्रिकोण येतो का? ते तुम्ही लिहिलं नाहीत. ज्याला तिरकी रेघ जमत नाही त्याच्याकडून 'क्ष' गिरवून घेणं हा शुद्ध छळ आहे.

माझी लेक दुसरीत असताना इतकी दाबून लिहायची की पुढच्या तीन पानांवर अक्षरं उमटायची. टोक तर सारखं मोडायचं. उजवा हात लिहिता आणि डावा डोक्याखाली, त्यामुळे वही मोकळीच. ती फिरत जायची, आणि वहीमागोमाग लेक खुर्चीत तिरकी होत जायची. अर्ध्या पानानंतर बघितलं तर मान हलतेय, खांदा हलतोय, जीभ बाहेर आलीय. बोटं तेवढी हलत नव्हती.

दादाचं अक्षर मोत्यासारखं. लहानपणी आलागेला त्याची वही बघूनच घराबाहेर पडायचा. अक्षर चांगलं म्हणजे माणूस चांगला, हा त्याचा समज तेव्हापासूनचा. "लाडावून ठेवली आहेस तू. माझ्याकडे दे सुट्टीत, रोज दहा पानं, बघ कशी सरळ होते." सुट्टीभर तिला समोर बसवलं. 'हात ठेव वहीवर, हात ठेव' हा जप चालू. सुट्टी संपली तेव्हा अक्षर होतं तिथेच होतं, फक्त वही दिसली की तिचं पोट दुखायला लागलं होतं. यावर दादाचा निष्कर्ष: "आळशी आहे."

मग ऑक्युपेशनल थेरपिस्ट गाठली, म्हणजे लिहिणं, नाडी बांधणं अशी रोजची कामं जमवायला शिकवणारी तज्ज्ञ. त्या बाईंनी वही उघडलीसुद्धा नाही. चेंडू फेकून झेलायला लावला, एका पायावर उभं केलं, छोट्या खुंट्या फळीच्या भोकांत बसवायला देऊन घड्याळ लावलं. चेंडू छातीवर आपटून खाली पडल्यावर तिचे हात मिटत होते, हे मी तिथे पहिल्यांदा नीट पाहिलं. अशा चाचण्यांचे वयाप्रमाणे तक्ते असतात, 'माझ्या मते ठीक आहे' असा मामला नसतो. पुढे डॉक्टरांची तपासणी झाली आणि नाव कळलं: डेव्हलपमेंटल को-ऑर्डिनेशन डिसऑर्डर. शाळकरी मुलांत शंभरात पाच-सहा जणांना हे असतं. बुद्धीत काही कमी नाही, स्नायूंचा आजार नाही. हालचाल आखणं आणि करता करता ती सुधारणं, एवढंच इतरांसारखं सहज होत नाही. सहसा पाच वर्षांच्या आधी हे निदान करत नाहीत, त्यामुळे तुम्हाला फार उशीर झालाय असं समजू नका.

उपाय ऐकून दादा हसला होता. खुर्चीवर तिचे पाय लोंबकळत होते, म्हणून पायांखाली खोका. टेबल कोपराच्या उंचीला. आणि काय शिकायचं ते तिनेच ठरवायचं. तिने बुटाची नाडी निवडली आणि स्वतःचं आडनाव. एका वेळी दोन-तीनच अक्षरं. लिहायच्या आधी बाई विचारायच्या, कसं काढणार आहेस? लिहून झालं की, जमलं का, नसेल तर कुठे बिघडलं? 'श'चा दंड ओढताना वही खाली सरकते, हे एक दिवस तिचं तिलाच दिसलं. डावा हात उचलला आणि वहीवर ठेवला. दादाच्या सुट्टीभराच्या जपाने तो आला नव्हता.

म्हणून सांगते, मातीचे गोळे, मणी, चिमटे यांचं जे स्तोम माजलंय त्यालाही फार भुलू नका. मणी ओवून मणी छान ओवता येतात. गंमत म्हणून जरूर करा. अक्षर सुधारायचं तर काम अक्षरावरच करावं लागतं, पण थोडं, तुकड्यातुकड्याने, आणि चूक मुलाला स्वतःला सापडेल असं. दहा पानं गिरवली की चूकच दहा पानं पक्की होते. पकडीवरूनही फार रक्त आटवू नका. पेन्सिल तीन बोटांत धरली काय, चार बोटांत धरली काय, अंगठा वरून आडवा टाकला काय, वेगात आणि वाचता येण्यात फारसा फरक पडत नाही असं अभ्यासांत दिसलंय. मूठ तेवढी सुटायला हवी. त्यासाठी खडूचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करून द्या, मुठीत धरायला काही उरतच नाही.

लेक आता चौदाची आहे. बाराव्या वर्षी एकदम उंच झाली, तेव्हा पुन्हा दाराच्या चौकटींना खांदे आपटू लागली, हातातले पेले निसटू लागले. वयात येताना आधी पाय भराभर लांब होतात, धड मागून वाढतं. काही मुलांचा तोल त्या काळात तात्पुरता बिघडतो. मुलींमध्ये हा वाढीचा वेग साधारण बाराव्या वर्षी सगळ्यात जास्त असतो, मुलांमध्ये चौदाव्या. तिचंही काही महिन्यांत बसलं. तेवढ्यात दादा म्हणून गेलाच, "बघ, पैसे पाण्यात गेले." आणि हाच माणूस दुसऱ्या दिवशी, "वयाने आपोआप सुधारलं असतं." दादा, दोन्हींपैकी एक काहीतरी ठरव. आपोआप जात नाही हे. बऱ्याच जणांत मोठेपणीही राहतं. तिचं अक्षर आजही सुंदर नाही, पण वाचता येतं. लांबलचक काही असेल तर टाइप करते. सायकल उशिरा शिकली, पोहायला मात्र भराभर शिकली, तिथे चेंडू झेलावा लागत नाही. आणि वही बघून तिचं पोट दुखत नाही, हा हिशोब दादाच्या वहीत कुठेच नाही.

आता, हे सगळं आमच्या घरातलं झालं. तुमच्या मुलालाही हेच आहे असं धरून चालू नका. आधी डोळे तपासून घ्या, मग बालरोगतज्ज्ञांना दाखवा. जमिनीवरून उठताना तो मांड्यांवर हात टेकत टेकत उठतो का, जिना चढणं दिवसेंदिवस जड जातंय का, पूर्वी येत होतं असं काही आता येईनासं झालंय का, हे नीट बघा. यातलं एक जरी असेल तरी थेरपीबिरपी नंतर, आधी डॉक्टर. मुलग्यांमध्ये ते स्नायूंच्या आजाराचं लक्षण असू शकतं.

शेवटी तुम्ही धाकटीबद्दल जाता जाता दोन ओळी लिहिल्यात. वॉकर आणू नका. त्याने चालणं लवकर येत नाही, पण मुलं जिन्यावरून मात्र गडगडतात. कॅनडात २००४ पासून त्याच्या विक्रीवरच बंदी आहे. दुसरं, ती नऊ महिन्यांची आहे आणि सगळं डाव्या हातानेच घेते, 'डावखुरी होणार बहुतेक' असं तुम्ही कौतुकाने लिहिलंय. इतक्या लवकर हात ठरत नाही. या वयात बाळ दोन्ही हात सारखे वापरतं, हाताचा कल पक्का व्हायला चार ते सहा वर्षं जातात. एकच हात पुढे येत असेल तर दुसऱ्या हातात काही अडचण नाही ना, ते बघावं लागतं. उजवी मूठ मिटलेली राहते का, रांगताना किंवा सरकताना उजवी बाजू मागे ओढली जाते का, हे आजच पाहा आणि डॉक्टरांकडे आधी तिला न्या. मुलाचं अक्षर आठवडाभर थांबेल.