नवीन गॅजेट किंवा सॉफ्टवेअर आलं की लगेच घ्यावं का? तुम्ही कसं ठरवता?

तुम्ही लिहिलंय की लॅपटॉप २०१८ चा आहे, तो विंडोज ११ साठी पात्र नाही असा संदेश येतोय, फोन चार वर्षांचा पण धड आहे, चाळीस हजार बाजूला काढलेत आणि रोज नवीन काहीतरी बघून डोकं फिरतंय. माझं डोकं गेली वीस वर्षं असंच फिरतंय. घरात याला 'खूळ' म्हणतात. तेव्हा खुळ्या माणसाचं उत्तर म्हणून वाचा.

मी सांगलीत राहतो, कुपवाड एमआयडीसीत एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. नवीन मशीन घ्यायचं ठरलं की विक्रीवाला वेग सांगतो, अचूकता सांगतो, आणि आमचे जुने फोरमन शांतपणे विचारतात, "बंद पडल्यावर कोण येणार? कुठून येणार? स्पेअर किती वर्षं मिळणार?" पहिली काही वर्षं मला हे रडगाणं वाटायचं. आता मी मोबाईलच्या दुकानातही तेच विचारतो. वस्तू काय काय करते हे जाहिरात सांगतेच. ती मरणार कधी आणि कशाने, हे मी आधी बघतो.

हे शिकलो ते सासुरवाडीत. तासगाव तालुक्यात सासऱ्यांची द्राक्षबाग आहे. शेतीची थ्री फेज लाईट पाळीने, एक आठवडा दिवसाची तर एक आठवडा रात्रीची. रात्री दोनला लाईट आली की मामा बॅटरी घेऊन विहिरीवर जाणार. सापकिरडू, चिखल, वय सत्तरीकडे झुकलेलं. मी हौसेने त्यांना मोबाईल स्टार्टर बसवून दिला. एक डबा, त्यात सिमकार्ड. लाईट आली की डबा फोन करतो, आपण फोन लावून आकडा दाबला की मोटार सुरू. विहिरीचं पाणी संपलं किंवा एक फेज गेली तर मोटार आपोआप बंद, म्हणजे वाइंडिंग जळत नाही. माझ्या मते आपल्या भागात गेल्या पंधरा-वीस वर्षांत आलेलं सगळ्यात मोठं गॅजेट हेच, आणि त्याचा अनबॉक्सिंग व्हिडिओ कुणी काढत नाही.

दोन वर्षांनी ऐन एप्रिलमध्ये, छाटणी झालेली असताना, मामांचा फोन आला. "पाव्हणं, तुमचा डबा फोन उचलंना झालाय." गेलो. डबा ठणठणीत होता. पूर्वी वर्षभर रिचार्ज न करता नंबर चालायचा, आता किमान रिचार्ज नसेल तर इनकमिंगही बंद. ते करून दिलं. पुढच्या वर्षी मेहुण्याने घरातली सगळी सिमं स्वस्त पडतात म्हणून जिओला नेली, डब्यातलंसुद्धा. जिओकडे जुनं २जी नेटवर्क नाहीच, पहिल्या दिवसापासून ते ४जी वर आहे, आणि आमचा डबा फक्त २जी ओळखणारा. दोन रात्री मामा परत बॅटरी घेऊन विहिरीवर. यंत्रात एक स्क्रूसुद्धा बिघडला नव्हता. ज्याच्या आधारावर ते उभं होतं तो आधार सरकला होता. नवीन वस्तूंचं मरण हल्ली बहुतेक वेळा असंच येतं. बरं, जुना हाताने दाबायचा स्टार्टर मामांनी काढू दिला नव्हता, म्हणून बाग तरली.

याचं जगजाहीर उदाहरण द्यायचं तर ह्युमेन कंपनीची एआय पिन. शर्टाला लावायचा बिल्ला, फोनची गरजच संपवणार म्हणून गाजलेला. एप्रिल २०२४ मध्ये लोकांच्या हातात आला, किंमत ६९९ डॉलर, वर दरमहा २४ डॉलर. फेब्रुवारी २०२५ मध्ये एचपीने कंपनीचा बराचसा भाग ११.६ कोटी डॉलरला घेतला आणि २८ फेब्रुवारीला सर्व्हर बंद झाले. वर्षसुद्धा झालं नव्हतं आणि बिल्ल्याची चकती झाली. उलट पेबल नावाचं घड्याळ बघा. कंपनी डिसेंबर २०१६ मध्येच बुडाली, पण वापरणाऱ्यांनी स्वतःचे सर्व्हर उभारून ती घड्याळं चालू ठेवली, आणि पुढे त्याचे हक्क हाती आलेल्या गूगलने जानेवारी २०२५ मध्ये त्याचं बरंचसं सॉफ्टवेअर सगळ्यांसाठी खुलं केलं. दोन्ही कंपन्या संपल्याच. फरक इतकाच की पेबलचं बरंचसं काम घड्याळात आणि फोनमध्ये व्हायचं, पिनचं सगळं डोकं दूर कुठेतरी होतं. म्हणून मी कुठलंही नवीन यंत्र दुकानातच विचारून बघतो: इंटरनेट बंद केलं तर हे काय काय करेल? विक्रेत्याचा चेहराच बरंच काही सांगतो.

सॉफ्टवेअरचं मरण जास्त दुखतं, कारण त्यात आपलं लिखाण अडकलेलं असतं. वडिलांनी २००२ च्या सुमारास गावातल्या जुन्या वाड्यांची, कोण कुठून आलं त्याची हकीकत लिहून मारुती चौकाजवळच्या एका डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतली होती. सत्तर-ऐंशी पानं. ते गेल्यावर फाइल उघडली तर पडद्यावर नुसती रोमन अक्षरं, कंस आणि डॉलरची चिन्हं. त्या काळचे मराठी फॉन्ट असेच असायचे. संगणकाच्या लेखी अक्षर इंग्रजीच, फक्त त्यावर मराठी आकृतीचा मुखवटा चढवलेला. फॉन्ट गेला की मुखवटा गेला. युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, 'अ' म्हणजे ०९०५, मग फॉन्ट कुठलाही असो. १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून त्यात देवनागरी आहे, पण आपल्याकडच्या छपाईच्या दुकानांत ते पोचायला फार वर्षं गेली. मी एका फॉन्ट बदलणाऱ्या प्रोग्रॅममधून ती पानं काढली. बाकी बरं आलं, पण 'ऱ्या' असलेला प्रत्येक शब्द मोडला होता. 'वाऱ्यावर', 'पायऱ्या', 'शेतकऱ्यांनी' हे हाताने नीट करत महिनाभर बसलो. तेव्हापासून लिहायचं सॉफ्टवेअर कितीही गोंडस असो, त्यातून सगळं साध्या मजकुराच्या फाइलमध्ये बाहेर काढता येत नसेल तर मी त्यात ओळसुद्धा लिहीत नाही.

आणि प्रती ठेवा. २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली तेव्हा आमच्या गावभागातल्या घरात तळमजला पूर्ण पाण्यात. माणसं, कागद, देव सगळं वर नेलं. फोटोंची हार्ड डिस्क खालच्या कपाटात राहिली. मुलीच्या बारशाचे फोटो आज आहेत ते फक्त मेव्हणीने व्हॉट्सॲपवर पाठवले होते म्हणून, बारीक आणि पुसट. एक प्रत घरात, एक दुसऱ्या गावात किंवा क्लाउडवर. यात कसलीही गंमत नाही, पण याच्यापेक्षा महत्त्वाचं गॅजेट मला माहीत नाही.

एआयबद्दल विचारलंत. मी रोज वापरतो. मशीनचे इंग्रजी-जर्मन मॅन्युअल समजून घ्यायला, एक्सेलचे फॉर्म्युले लिहायला, आणि खरं सांगायचं तर ऑफिसच्या तक्रारींना गोड शब्दांत उत्तर द्यायला. बोलून मराठी टाइप करणं मामांना तर वरदान ठरलंय, फक्त त्यांचं 'कराय लागलोय' यंत्राला पचत नाही. पण एक प्रसंग सांगतो. घड पोसत आले होते, भुरीची बुरशी दिसली, मेहुण्याने एका ॲपला विचारलं. उत्तर झकास मराठीत, औषधाचं नाव आणि प्रमाणासकट. माल तोडायला किती दिवस उरलेत हे त्याने विचारलंच नाही. द्राक्षवाल्याला पहिला प्रश्न तोच असतो, कारण फवारणी आणि तोडणी यांत ठरलेले दिवस गेले नाहीत तर औषधाचा अंश राहतो आणि निर्यातीचा अख्खा माल नाकारला जातो. पुण्याजवळच्या मांजरी इथल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची औषधांची यादी काढून बघितली आणि ते औषध राहू दिलं. जिथे चूक झाली तर ती मला लगेच कळेल तिथेच मी एआयला काम देतो. फॉर्म्युला चुकला तर पाच मिनिटांत दिसतं. फवारणी चुकलेली कळते तोवर मालाचा नमुना तपासणीला गेलेला असतो.

घडीचे फोन: हातात घेऊन बघायला मजा येते, विकत घेऊ नका. बिजागरी म्हणजे झिजणारा भाग, आणि आमच्या धंद्यात झिजणारा भाग दर शनिवारी बघायचा असतो. स्मार्ट घड्याळ: चालायला लागाल असं वाटत असेल तर स्वस्तातलं घ्या. मी तीन घेतली, चालत अजूनही नाही.

जाता जाता मिरजेची एक गोष्ट. शेजारची मुलगी गाणं शिकते, फोनवर तानपुऱ्याचं ॲप लावून रियाज करते. ॲप उत्तम आहे, सूर ढळत नाही, बसमध्येही नेता येतं. पण तिच्या आजीचा तानपुरा गेल्या वर्षी मिरजेच्या सतारमेकर गल्लीत नेला, तिथल्या कारागिराने घोडीची, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीची, जवारी घासून काढून दिली आणि पन्नास वर्षांचं वाद्य पुन्हा बोलायला लागलं. फोनची सिस्टीम दोनदा बदलल्यावर ते ॲप उघडेल की नाही ते सांगता येत नाही. मी तिला दोन्ही वापर म्हणतो. उगाच जुनं ते सोनं करणाऱ्यांतला मी नाही, पन्नास वर्षांपूर्वीचा रेडिओ मला आज फुकट दिला तरी नको.

आता तुमचं. विंडोज १० चा मोफत पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी सुरक्षा अपडेटची वर्षभर जादा मुदत, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची, मायक्रोसॉफ्टने दिली. पण आधी सेटिंग्जमध्ये प्रोसेसरचं नाव वाचा. २०१८ चा लॅपटॉप नेमका उंबरठ्यावर असतो. आय-फाइव्ह किंवा आय-थ्रीच्या पुढचा चार आकडी क्रमांक ८ ने सुरू होत असेल तर तो आठव्या पिढीचा, आणि विंडोज ११ ला चालतो. तसं असूनही तो संदेश येत असेल तर बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉप सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्जमध्ये, टीपीएम नावाची सुरक्षेची सोय बंद आहे का बघा, काही लॅपटॉपमध्ये ती बंद असते. क्रमांक ७ ने सुरू होत असेल तर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही मोफत सिस्टीम टाका. ब्राउझर, व्हिडिओ, पत्रलेखन, मराठी टायपिंग सगळं होतं. टॅली किंवा तशा एखाद्या प्रोग्रॅमवरच तुमचं पोट असेल तर मात्र मिंटच्या नादी लागू नका. आत अजून फिरणारी हार्ड डिस्क असेल तर ती काढून एसएसडी, म्हणजे काहीच न फिरणारी चिपवाली डिस्क, घाला. लॅपटॉपच्या वेगात एवढा फरक पाडणारी दुसरी दुरुस्ती मी पाहिलेली नाही.

फोनची आधी बॅटरी बदला. आपल्याकडे चैत्र-वैशाखात गाडीच्या हँडलला उन्हात लावलेला आणि रात्री उशीखाली चार्ज होणारा फोन चार वर्षांत थकणारच, लिथियम बॅटरीला उष्णता मारते. नंतर घ्यायचाच झाला तर अपडेट किती वर्षं ते विचारा. गूगलने २०२३ मध्ये पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगने २०२४ मध्ये एस२४ पासून सात वर्षांचं वचन दिलंय. ती वर्षं मॉडेल बाजारात आल्यापासून मोजतात, तुम्ही घेतल्यापासून नाही. दोन वर्षं जुनं मॉडेल सवलतीत मिळालं तर हातात पाचच उरतात. तीही पुष्कळ, पण भाव करताना दुकानदाराला बोलून दाखवा. मी दाखवतो, आणि बहुतेक वेळा निदान कव्हर तरी फुकट मिळतं.