'कॅज्युअल' म्हणाले होते, आता जमत नाही

प्रश्न : ताई, मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वर्गातला एक मुलगा आणि मी चार महिने सोबत आहोत. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत बोलतो, पण चारचौघांत मी त्याची नुसती 'फ्रेंड'. सुरुवातीलाच तो म्हणाला होता, "कॅज्युअल ठेवू, लेबल नको." मीही हो म्हटलं. आता त्याचा दोन दिवस मेसेज आला नाही की पुस्तक उघडवत नाही. मैत्रिणी म्हणतात, "चिल कर, सगळे असंच करतात." मीच मागासलेली आहे का?

उत्तर : नाही गं. तुझ्या पत्रातल्या 'सगळे' या शब्दापाशीच मी अडले. अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांचा एक अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. बांधिलकीशिवायची शारीरिक जवळीक तुम्हाला स्वतःला कितपत रुचते आणि इतरांना कितपत रुचत असेल, असं त्यांना विचारलं होतं. मुलगे काय, मुली काय, इतरांना ती आपल्यापेक्षा जास्त रुचते असाच दोघांचाही समज निघाला. मनातून अवघडलेले, आणि बाकीचे मजेत आहेत असं समजून गप्प! तुला 'चिल कर' म्हणणारी एखादी मैत्रीणही रात्री फोन उशाशी घेऊन जागत असेल.

मेसेजची ती तगमग म्हणजे प्रेमाची खोली, असं मात्र धरू नकोस. दाणा कधी मिळेल याचा नेम नसला की कबुतरं चोच मारतच राहतात, हे स्किनर या मानसशास्त्रज्ञाच्या प्रयोगांत दिसलं होतं. अवचित येणारा मेसेज माणसालाही तसाच झुलवत ठेवतो.

दोघांनाही खरंच हवं असेल तर कॅज्युअल नात्यात मला काही वावगं वाटत नाही. पण तुझा होकार चार महिन्यांपूर्वीचा आहे. तो तू आज बदलू शकतेस, अगदी जवळ आल्यावर मध्येच थांबायचं असेल तरीही. आणि 'आपल्यात कशाला?' म्हणत कुणी कंडोम टाळत असेल, तर तिथून सरळ उठून ये.

त्याच्याशी दिवसाउजेडी, समोरासमोर बोल. चॅटवर नको, तिथे एका इमोजीवर विषय संपतो. एवढंच म्हण : "मला आता हे कॅज्युअल राहिलेलं नाही. तुझं काय?" तो नाही म्हणाला तर दुखेल, पण त्याने फसवलं असं म्हणू नकोस, तो पहिल्यापासून स्पष्ट बोलला होता. 'बघू ना' म्हणाला, तर मी तो नकारच धरीन.

जाताना एखाद्या मैत्रिणीला सांगून जा. परत येशील तेव्हा ती खोलीवर असू दे.