पहिले आलो, तरी बाहेर कसे?

प्रश्न : सर, सप्रेम नमस्कार. मी सावंतवाडीचा. ७ मार्च २०२० ला नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर गेलो होतो. एफसी गोवा विरुद्ध चेन्नईयिन, आयएसएल म्हणजे इंडियन सुपर लीग या फुटबॉल स्पर्धेच्या उपांत्य फेरीचा दुसरा सामना. आम्ही ४-२ जिंकलो आणि तरी स्पर्धेतून बाहेर पडलो. परतताना झुआरीच्या जुन्या पुलावर गाडी अडकली होती. तिथे मुलगा विचारत होता, ‘बाबा, आपण टेबलात पहिले होतो ना? मग बाहेर कसे?’ मी सांगून टाकलं, ‘प्रशिक्षक लोबेराला काढलं म्हणून.’ आता तो दहावीत आहे, शाळेच्या संघातून खेळतो. तो म्हणतो, बाबा, ते उत्तर बरोबर नव्हतं. आमच्या घरात हा वाद अजून मिटलेला नाही. तुम्हीच काय ते सांगा. — एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : मुलाचं बरोबर आहे, असं मला वाटतं. पण तुमच्याही म्हणण्यात तथ्य आहे. त्या रात्री मीही पूर्वेकडच्या स्टँडमध्ये होतो, त्यामुळे तुमचं पत्र वाचून घशाशी काहीतरी आलं. म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

सर्जिओ लोबेरा २०१७ मध्ये आले. त्याआधी आपण गोंयकार जिद्दीवर आणि पाठिंब्यावर खेळायचो. त्यांनी चेंडू पायात ठेवून खेळायला शिकवलं. अहमद जाहू मधोमध उभा राहून मान वर करून पास द्यायचा आणि पुढे कोरो तो गोलात घालायचा. कोरोचे पहिल्या हंगामात १८ गोल, दुसऱ्यात १६, तिसऱ्यात १४. तरी चषक हाती लागत नव्हता. २०१८ मध्ये उपांत्य फेरीत चेन्नईयिनने घरी पाठवलं. २०१९ ची अंतिम लढत मुंबईत झाली, तिथे जादा वेळेत राहुल भेकेच्या हेडरने बेंगळुरू जिंकलं. त्यानंतरच्या एप्रिलमध्ये सुपर कप मिळाला खरा, पण आस आयएसएलचीच होती. म्हणून २०१९-२० चा हंगाम सुरू झाला तेव्हा मडगावात सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य, ‘हें वर्स आमचें.’

आणि ३१ जानेवारी २०२० ला, संघ तक्त्यात वर असताना, साखळीचे तीन सामने उरलेले असताना, प्रशिक्षकांना निरोप दिला गेला. धक्का बसला होता, मलाही. पण पुढे काय झालं ते आठवा. क्लिफर्ड मिरांडाने संघ हाती घेतला. गोव्याच्या धेंपो क्लबचा क्लिफर्ड, आपल्यातलाच. उरलेले तिन्ही सामने आपण जिंकलो. मुंबई सिटीला ५-२. १९ फेब्रुवारीला जमशेदपूरला त्यांच्याच मैदानावर ५-०. १८ सामन्यांत ३९ गुण, ४६ गोल. लीग विजेत्यांची शील्ड त्याच वर्षी पहिल्यांदा दिली गेली, ती आपली झाली. आशियातल्या क्लबांच्या एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत खेळणारा पहिला भारतीय क्लब म्हणून गोव्याचं नाव लागलं. प्रशिक्षक गेल्यावर कोलमडलेला संघ असं खेळत नाही. पुढे २०२३ मध्ये याच क्लिफर्डने ओडिशाला सुपर कप जिंकून दिला. त्यामुळे ‘लोबेराला काढलं म्हणून’ एवढ्यावर थांबलो, तर त्या माणसावर अन्याय होतो.

मग बिनसलं कुठे? २९ फेब्रुवारीला, चेन्नईत, पंचवीस मिनिटांत. तो उपांत्य फेरीचा पहिला सामना, आणि निकाल दोन्ही सामन्यांचे गोल मिळून लागणार होता.

मी तरुणपणी गावच्या संघाचा गोलकीपर होतो. गोलकीपरला एक गोष्ट अनुभवाने कळते. पहिला गोल खाल्ल्यावर पुढचे खेळाडू मागे वळून तुझ्याकडे बघतात. दुसरा खाल्ल्यावर कोणी बघत नाही, सगळे चेंडू घेऊन पुढे धावतात. तेव्हा ओरडून सांगावं लागतं, ‘थांबा रे, दोनच राहू देत.’ चेन्नईत मध्यंतरापर्यंत गोलफलक कोरा होता. ५४ व्या मिनिटाला गोयान, ६१ व्या मिनिटाला थापा. परक्या मैदानावर ०-२. वाईट, पण घरच्या सामन्यात भरून निघण्यासारखं. फातोर्ड्याला दोन गोल करणं त्या संघाला जड नव्हतं. पण आपले पोरगे थांबले नाहीत. साखळीत सवयच तशी लागली होती. मागे पडलो तर पुढे जायचं, आणखी एक मारायचा. ७७ व्या मिनिटाला एली साबिया, ७९ व्या मिनिटाला छांगटे. चारांतले दोन गोल त्यांच्या सेंटर-बॅकनी, म्हणजे मधल्या बचावपटूंनी केले. ८५ व्या मिनिटाला आपल्या सेवियर गामाने एक फेडला, म्हणून ७ मार्चला तुमच्या-माझ्यासारखे लोक तिकीट काढून आले.

ज्या धिटाईने ४६ गोल दिले, तिनेच चेन्नईत घात केला. लोबेरा बाकावर असते तर त्यांनी ‘थांबा’ म्हटलं असतं का? तीन वर्षं त्यांचा खेळ डोळे भरून पाहिलेला माणूस म्हणून सांगतो, नसतं म्हटलं. त्यांनीच तर ती धिटाई शिकवली होती. घरच्या वादाचा निकाल लावायचा तर तो इथे लावा.

दुसरं, समोरच्यांनाही श्रेय द्यायला हवं. डिसेंबरमध्ये ओवेन कॉयल प्रशिक्षक म्हणून आले तेव्हा चेन्नईयिन खालच्या टोकाला चाचपडत होता. फेब्रुवारी संपेपर्यंत देशात सगळ्यात भरात तोच संघ होता.

७ मार्चची रात्र तुम्ही पाहिली आहे, पण मुलाला नीट आठवत नसेल म्हणून लिहितो. दहाव्या मिनिटाला गोयानचा स्वयंगोल, २१ व्या मिनिटाला मुर्तदा फॉल. एकूण ३-४. मध्यंतराला स्टँडखाली रोस ऑम्लेटच्या गाड्याची गोष्ट निघाली. माझ्या शेजारचे एक वयस्क गृहस्थ म्हणाले, ‘आज जिंकून थंयच जेवपाचें.’ नारिंगी जर्सीतल्या पोरांचे गळे बसले होते, तरी ‘फोर्सा गोवा’ थांबत नव्हतं. मग ५२ व्या मिनिटाला छांगटे, ५९ व्या मिनिटाला वाल्स्किस. ढोल वाजवणारा पोरगा काठ्या हातात धरून नुसता उभा राहिला, ते अजून डोळ्यासमोर आहे. ८१ व्या मिनिटाला एदू बेदिया, ८३ व्या मिनिटाला पुन्हा फॉल. एकूण ५-६, आणि सात मिनिटं हातात. त्या सात मिनिटांत मी एकदाही खाली बसलो नाही.

गाड्यावर नंतर कोणी गेलं नाही.

प्रश्न : सर, २०२१ मध्ये मुंबई सिटीने शील्ड आणि चषक दोन्ही जिंकले. प्रशिक्षक लोबेरा, संघात गोव्यातून गेलेले जाहू, फॉल, बुमूस आणि मंदार राव देसाई. मी डोंबिवलीत राहतो, पण आजोळ म्हापशाचं. मुंबई जिंकली म्हणून आनंद मानू की गोव्याचं घर मोडलं म्हणून वाईट वाटून घेऊ? — एक वाचक, डोंबिवली

उत्तर : दोन्ही वाटू द्या. मंदारसाठी तर आनंदच माना. आपला म्हापशाचा पोरगा, पहिल्या हंगामापासून आपल्या जर्सीत डाव्या बाजूने पळत होता आणि आयएसएलचा चषक त्याने फातोर्ड्याच्याच मैदानावर उचलला. त्या वर्षी सगळेच सामने गोव्यात बंद दाराआड झाले. उपांत्य फेरीत मुंबईने आपल्यालाच पेनल्टीवर हरवलं, हेही खरं.

मला सलतं ते वेगळंच. १४ मार्च २०२० ची अंतिम लढत आधीच फातोर्ड्याला ठरली होती. आपण तिथे असू, असं धरूनच आम्ही चाललो होतो. आपण नव्हतो, आणि करोनामुळे प्रेक्षकही नव्हते. माझं घर स्टेडियमपासून लांब नाही. गच्चीवरून फ्लडलाइटचा उजेड दिसत होता. कोलकात्याचं एटीके चेन्नईयिनविरुद्ध ३-१ जिंकलं. एरवी गोल झाला की टीव्हीच्या आधी आवाज आमच्या गच्चीवर पोचतो. त्या रात्री चार गोल झाले आणि गच्चीवर काहीच आलं नाही.

प्रश्न : शील्ड मोठी की चषक? — एक विद्यार्थिनी, फोंडा

उत्तर : शील्ड. त्या हंगामात अठरा सामने, घरचे आणि बाहेरचे, जानेवारीतल्या थकव्यासकट. एका रात्रीच्या नशिबावर ती मिळत नाही. आमची चूक इतकीच झाली की १९ फेब्रुवारीला आम्ही ती साजरी केली नाही. पुढच्या महिन्यात चषकाबरोबर एकदमच मिरवणूक काढू म्हणालो, आणि पुढच्या महिन्यात टाळेबंदी आली.

तिचं फळ मात्र एप्रिल २०२१ मध्ये दिसलं. एएफसी चॅम्पियन्स लीगचे सामने फातोर्ड्यालाच झाले. प्रशिक्षक लोराँ ब्लाँ यांच्या कतारच्या अल-रय्यानशी ०-० बरोबरी. मग २० तारखेला इराणच्या पर्सेपोलिसविरुद्ध १४ व्या मिनिटाला ब्रँडनची फ्री-किक आणि बेदियाचं हेडर. त्या स्पर्धेच्या गटफेरीत भारतीय क्लबचा तो पहिला गोल. सामना आपण १-२ हरलो. स्टँड रिकामे होते, मी पुन्हा गच्चीवर होतो, कानाला मोबाइलवरचं समालोचन. गोल झाल्यावर शेजारच्या तीन गच्च्यांवरून ओरडण्याचा आवाज आला.